बीडच्या वाट्याचे अडीच तास

बीड लोकसभा मतदारसंघाचा 2024 चा निकाल 6,553 मतांनी लागला. बजरंग सोनवणे यांना 6,83,950 मतं पडली, पंकजा मुंडे यांना 6,77,397. मतदान पंधरा लाखांच्या वर झालेलं, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत. मतदान केंद्रं दोन हजारांहून जास्त होती. दर केंद्रामागे हिशेब केला तर सरासरी तीन मतं. 3,277 माणसांनी त्या दिवशी दुसरं बटण दाबलं असतं तर दिल्लीला दुसरं माणूस गेलं असतं. जिल्ह्यातल्या एखाद्या मोठ्या गावात एवढे मतदार सहज निघतात.

याच निकालात एक आकडा दडलेला आहे, आणि त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. 2019 मध्ये प्रीतम मुंडे यांना 6,78,175 मतं पडली होती आणि त्या 1,68,368 मतांनी जिंकल्या होत्या. समोर सोनवणेच होते. पाच वर्षांनी त्याच पक्षाला, भाजपला, त्याच मतदारसंघात फक्त 778 मतं कमी पडली. वीस लाखांच्या यादीत 778 म्हणजे काहीच नाही. पण समोरच्या पारड्यात पावणेदोन लाख मतांची भर पडली आणि पावणेदोन लाखांच्या जवळपासचा विजय साडेसहा हजारांच्या पराभवात बदलला.

आणखी मागे गेलं तर याच मतदारसंघानं देशाचा उच्चांक केलेला आहे. ऑक्टोबर 2014 च्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे यांना 9,22,416 मतं मिळाली, काँग्रेसचे अशोकराव पाटील 2,26,095 वर थांबले. मताधिक्य 6,96,321. लोकसभेच्या इतिहासात तोवर एवढं मताधिक्य कुणालाच मिळालेलं नव्हतं, आणि 2024 मध्ये इंदूर आणि धुबरीचे निकाल लागेपर्यंत हा उच्चांक टिकला.

आता घटनेचं गणित बघा. सहा लाख 96 हजारांनी जिंकलेला खासदार आणि साडेसहा हजारांनी जिंकलेला खासदार, सभागृहात दोघांचं मत एकच. 543 पैकी एक. बीडच्या दोन टोकांच्या दोन निकालांतला सात लाखांचा फरक संसदेच्या दारातच संपतो. मला इथून पुढचा हिशेब मांडायचा आहे: त्या एका मताचं, त्या एका जागेचं पुढे पाच वर्षं काय होतं आणि ते बीडच्या माणसानं मोजायचं कसं.

आधी खासदार किती माणसांचा, ते बघू. बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ 10,693 चौरस किलोमीटर, तालुके 11, लोकसंख्या 2011 च्या जनगणनेप्रमाणे 25,85,049. विधानसभेचे सहा मतदारसंघ – गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज, परळी – आणि सहाही याच लोकसभा मतदारसंघात, त्यामुळे जिल्हा म्हणजेच मतदारसंघ. 2024 च्या यादीत 21 लाखांहून जास्त मतदार होते. युरोपातल्या स्लोव्हेनिया या देशाची सगळी लोकसंख्या, तान्ह्या बाळांसकट, 21 लाखांच्या आसपास आहे. त्यांच्या राष्ट्रीय सभागृहात 90 सदस्य बसतात. लाटव्हियाची लोकसंख्या बीडहून कमी आणि तिथल्या संसदेत 100 जण. ब्रिटनमध्ये एका खासदारामागे सरासरी 73 हजार मतदार. त्या मापानं बीडला 29 खासदार मिळाले असते.

पूर्वी आपल्याकडेही असं नव्हतं. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत देशात 17.32 कोटी मतदार आणि लोकसभेच्या 489 जागा होत्या, म्हणजे एका जागेमागे साडेतीन लाख मतदार. तेव्हा बीड हैदराबाद राज्यात होतं आणि इथून पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे निवडून गेले होते. 2024 मध्ये 543 जागांना 96.88 कोटी मतदार, जागेमागे पावणेअठरा लाखांच्या वर. आणीबाणीत, 1976 मध्ये, 42 व्या घटनादुरुस्तीनं राज्याराज्यांच्या जागा 1971 च्या जनगणनेवर गोठवल्या. जागा तिथेच राहिल्या, माणसं वाढत गेली. समजा, बीडच्या प्रत्येक मतदारानं खासदाराशी फक्त एक मिनिट बोलायचं ठरवलं, रात्रंदिवस, एकापाठोपाठ एक, तर चार वर्षांहून जास्त काळ लागेल. लोकसभेची मुदतच पाच वर्षांची.

त्या पाच वर्षांत सभागृह भरतं तरी किती? 17 वी लोकसभा, म्हणजे 2019 ते 2024, 274 दिवस बसली. पाच वर्षांच्या 1,826 दिवसांपैकी 15 टक्के. पहिली लोकसभा 677 दिवस बसली होती. पूर्ण मुदत भरलेल्या लोकसभांमध्ये 17 वीच्या बैठका सर्वांत कमी. कामकाज झालं सुमारे 1,354 तास. हे तास 543 जणांत सारखे वाटले तर एकाच्या वाट्याला पाच वर्षांत अडीच तास येतात, वर्षाला अर्धा तास. मंत्र्यांची भाषणं, गोंधळात गेलेला वेळ, मोठ्या पक्षांच्या नेत्यांना मिळणारा जादा वेळ यातून वजा केलेला नाही. हेच अडीच तास बीडच्या 25 लाख 85 हजार माणसांत वाटले तर माणशी साडेतीन हजारांश सेकंद. पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

एवढ्या तुटपुंज्या वेळात 17 व्या लोकसभेनं दोनशेहून अधिक विधेयकं मंजूर केली. साधारण तिसरा हिस्सा विधेयकांवर तासाभराचीही चर्चा झाली नाही.

आता मतदान. बीडच्या खासदारानं अमुक कायद्यावर कसं मत दिलं, असं कुणी विचारलं तर बहुतेक वेळा उत्तरच मिळत नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नसतं. पीठासीन अधिकारी विचारतात, बाजूचे 'हां' म्हणतात, विरोधातले 'ना' म्हणतात, कुठला आवाज मोठा ते ठरवून निकाल जाहीर होतो. हे आवाजी मतदान. घटनादुरुस्ती सोडली, तर कुणी हरकत घेऊन मतविभागणी मागितली तरच नावनिशीवार नोंद होते. ब्रिटनमध्ये मतविभागणी झाली की कोण कुठल्या बाजूला गेलं ते दुसऱ्या दिवशी नावासकट छापून येतं, आणि अशी वेळ तिथे सारखी येते. आपल्याकडे बहुसंख्य कायदे आवाजात निघून जातात आणि आवाजाला नाव नसतं.

मतविभागणी होते तेव्हा काय घडतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. साडेतीन मिनिटं घंटा वाजते. ग्रंथालयात, कँटीनमध्ये, आवारात असलेले सदस्य धावत येतात. मग दारं बंद. प्रत्येकाच्या बाकापुढे बटणं: बाजूनं हिरवं, विरोधात लाल, तटस्थाला पिवळं. पहिला टोला पडला की एका हातानं मतदान सुरू करण्याची कळ दाबून धरायची आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं आपलं बटण, दुसरा टोला पडेपर्यंत. दोन टोल्यांमध्ये दहा सेकंद. हात आधी सुटला तर मत नोंदलं जात नाही, मग चिठ्ठी मागायची. 17 डिसेंबर 2024 रोजी 'एक देश एक निवडणूक' विधेयक मांडू द्यायचं की नाही यावर नव्या इमारतीतलं पहिलं इलेक्ट्रॉनिक मतदान झालं. यंत्रावर आकडा आला 220 विरुद्ध 149. चिठ्ठ्या मोजल्यावर तो झाला 269 विरुद्ध 198. शंभराच्या आसपास मतं यंत्राबाहेर, कागदावर पडली होती.

त्या दहा सेकंदांतही खासदार मोकळा नसतो. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट आलं. पक्षानं व्हिप काढला आणि सदस्यानं त्याविरुद्ध मत दिलं किंवा न विचारता मतदानाला दांडी मारली, तर पंधरा दिवसांत पक्षानं माफ केलं नाही तर खासदारकी जाऊ शकते. घोडेबाजार थांबवायला हा कायदा आला आणि त्याची गरज होतीच. पण त्याची एक किंमत आहे: खासदाराचा मतदानाचा तक्ता जरी कुणी काढला तरी त्यात पक्ष दिसतो, माणूस दिसत नाही आणि त्याचा जिल्हा तर नाहीच नाही.

याचा सर्वांत जिवंत पुरावा बीडच्याच जिव्हाळ्याच्या विषयात आहे. 2 ऑगस्ट 2018 रोजी लोकसभेत मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा देणाऱ्या दुरुस्तीवर मतदान झालं. बाजूनं 406, विरोधात शून्य. तीच 102 वी घटनादुरुस्ती. 5 मे 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं मराठा आरक्षण रद्द करताना याच दुरुस्तीचा अर्थ लावला की, मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे उरलेला नाही. मग 10 ऑगस्ट 2021 ला तो अधिकार राज्यांना परत देणारी दुरुस्ती आली, 105 वी. बाजूनं 385, विरोधात शून्य. तीन वर्षांच्या अंतरानं एकाच सभागृहानं एकदा अधिकार काढून घेणाऱ्या कलमाला आणि एकदा तो परत देणाऱ्या कलमाला एकमुखानं होकार दिला. एकही लाल दिवा नाही. इकडे बीड जिल्ह्यात मात्र मराठा आणि ओबीसी या प्रश्नावर गावंच्या गावं दुभंगली, सोयरीक-शेजार तुटले, 2024 ची निवडणूक याच ताणावर लढली गेली आणि 6,553 मतांवर येऊन टेकली. जिल्ह्यात एवढं मतांतर आणि सभागृहाच्या नोंदीत शून्य. म्हणून खासदार कुठल्या बाजूला बसला होता एवढं बघून त्याला जोखता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मताची किंमत शून्य मात्र नाही. 17 एप्रिल 1999 ला वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 असं एका मतानं पडलं. त्या सभागृहात बीडचे जयसिंगराव गायकवाड भाजपचे खासदार होते. असा दिवस पन्नास वर्षांत एखादा येतो. बाकीचे दिवस कशानं मोजायचे?

हजेरीनं मोजू नये, निदान एकट्या हजेरीनं नको. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, त्यांची टक्केवारीच निघत नाही. आणि बीडच्या बाबतीत आकड्यांचा एक असा रकाना आहे की तो वाचताना आजही काळजात कालवतं. मे 2014 मध्ये गोपीनाथ मुंडे 6,35,995 मतं घेऊन निवडून आले. 26 मे रोजी त्यांनी केंद्रीय ग्रामविकास मंत्री म्हणून शपथ घेतली. 3 जूनला दिल्लीत रस्त्यावर अपघात झाला आणि ते गेले. 16 व्या लोकसभेची पहिली बैठक होती 4 जूनला. त्या दिवशी सभागृहानं त्यांना श्रद्धांजली वाहिली आणि कामकाज तहकूब केलं. सदस्य म्हणून शपथ घेण्याआधीच त्यांची त्या लोकसभेतली कारकीर्द संपली. सहा लाख 36 हजार मतं, बैठका शून्य. याच माणसानं आधीच्या लोकसभेत भाजपचे उपनेते म्हणून काम केलं होतं. नुसता तक्ता वाचणाऱ्याला यातलं काय कळणार?

माझ्या मते बीडच्या माणसानं खासदाराचे प्रश्न वाचावेत. मत पक्षाचं असतं, प्रश्न मात्र जिल्ह्याचा असू शकतो, आणि प्रश्नाला व्हिप नसतो. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न लागतात. एका सदस्याला दिवसाला जास्तीत जास्त पाच. सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते आणि मग सोडत निघते. तारांकितातले वीसही तासाभरात होत नाहीत, पहिल्या चार-सहांवरच प्रश्नोत्तराचा तास संपतो. 17 व्या लोकसभेत एका खासदाराचे सरासरी दोनशेच्या वर प्रश्न झाले. बारामतीच्या सुप्रिया सुळे, शिरूरचे अमोल कोल्हे यांचे सहाशेच्या पुढे गेले. याशिवाय नियम 377 खाली आठवड्यातून एक विषय मांडता येतो आणि शून्य प्रहरात नंबर लागला तर दोन-तीन मिनिटं मिळतात.

संख्या पाहून मात्र भुलू नये. एकाच प्रश्नाखाली पाच-सात खासदारांची नावं असतात आणि तो प्रत्येकाच्या खात्यात एक म्हणून जमा होतो. देशभराची माहिती मागणारा प्रश्न आणि धारूर-वडवणीची माहिती मागणारा प्रश्न, दोन्ही एकेकच धरले जातात. उत्तरंही तशीच येतात: (क) ते (घ) एकत्र करून चार ओळी, शेवटी राज्यनिहाय तक्ता, आणि महाराष्ट्राच्या एका ओळीत बीड गडप. 'माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल' असं उत्तर आलं तर ते आश्वासन धरलं जातं आणि ते तीन महिन्यांत पुरं करणं अपेक्षित असतं. त्यासाठी शासकीय आश्वासनांची वेगळी समिती आहे. म्हणजे एक प्रश्न विचारून भागत नाही, त्याचा पिच्छा पुरवावा लागतो.

नीट विचारलेला प्रश्न काय करू शकतो, हे बीडनं विधिमंडळात पाहिलं आहे. 2019 मध्ये विधान परिषदेत नीलम गोऱ्हे यांनी बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबद्दल विचारलं. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी उत्तर दिलं: तीन वर्षांत 4,605. पुढे गोऱ्हे यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. सहामागे एक. पाळी आली की काम बुडतं, काम बुडलं की मुकादम पैसे कापतो, अंगावर उचल असते, म्हणून पंचविशी-तिशीतल्या बायका पोटावर टाके घेऊन पुन्हा फडात उभ्या राहत होत्या. गावोगाव हे सगळ्यांना माहीत होतं. सरकारच्या कागदावर ते आलं तेव्हा, जेव्हा सभागृहात कुणीतरी आकडा मागितला.

खासदार फंडाचं लवकर आटोपतं. वर्षाला पाच कोटी, म्हणजे बीडमध्ये माणशी 19 रुपये. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे यांपलीकडे तो फारसा पुरत नाही.

त्याची खरी मापं रेल्वेशेजारी ठेवल्यावर कळतात. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 च्या सुमारास मंजूर झाला तेव्हा खर्च धरला होता 353 कोटी. तो पुढे 2,826 कोटींवर आणि मग 4,805 कोटींवर गेला, साडेतेरा पट. किलोमीटरमागे एक कोटी 35 लाखांचे साडेअठरा कोटींच्या घरात गेले. वर्षभराचा सगळा खासदार फंड ओतला तर 270 मीटर रूळ होतील आणि अख्खा मार्ग त्या फंडातून करायचा म्हटला तर 961 वर्षं लागतील.

हा मार्ग मंजूर झाला तेव्हा बीडच्या खासदार केशरकाकू क्षीरसागर होत्या. त्यांच्यानंतर रजनी पाटील, जयसिंगराव गायकवाड, गोपीनाथ मुंडे, प्रीतम मुंडे, बजरंग सोनवणे. सहा खासदार, नऊ लोकसभा, दहाव्यापासून अठराव्यापर्यंत. 23 सप्टेंबर 2022 ला गाडी आष्टीपर्यंत आली, 66 किलोमीटर. 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ती बीडला पोहोचली. तीस वर्षांत 160 किलोमीटरहून थोडं जास्त. दिवसाला सरासरी जेमतेम 15 मीटर. ज्यांनी मोर्चे काढले, रूळ मागत उपोषणं केली, त्यातले कितीतरी जण ती पहिली गाडी बघायला उरले नाहीत. अर्धा खर्च राज्यानं द्यायचा होता, त्यामुळे केंद्राचा पैसा राज्यासाठी आणि राज्याचा केंद्रासाठी अडत राहिला. कोणत्या वर्षी कुणी किती दिले, भूसंपादन कुठे अडलं, कुठल्या पुलाचं काम थांबलं, हे बाहेर काढायचं हत्यार तेच: अर्थसंकल्पावरची चर्चा, नियम 377, अतारांकित प्रश्न. बीड ते परळी अजून बाकी आहे. त्या टप्प्याचा तिमाही हिशेब मागणारा प्रश्न प्रत्येक अधिवेशनात लागला पाहिजे, खासदार कुठल्याही पक्षाचा असो.

आणखी एक प्रश्न आहे, तो मला सर्वांत निकडीचा वाटतो. 2001 मध्ये बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे 894 मुली होत्या. 2011 मध्ये 807 झाल्या, महाराष्ट्रात सर्वांत कमी. त्यानंतर जनगणना झालेली नाही. पुढची 1 मार्च 2027 ही तारीख धरून व्हायची आहे. दरम्यान ती मुलं मोठी होत आहेत. त्यातली थोरली 2024 मध्ये पहिल्यांदा मतदान करून आली. 2029 च्या निवडणुकीत ती झाडून सगळी मतदार यादीत असतील, अठरा ते चोवीस वर्षांची, हजार मुलांमागे 807 मुली याच प्रमाणात.